आधी जीवाणू, मग मासे

वर्ध्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. जिल्ह्यात धाम आहे, वणा आहे, यशोदा आहे, बोर धरणाचा जलाशय आहे. समुद्र मात्र नाही. मुंबईच्या सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी समुद्री मासे जिवंत पाहिले ते मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली सुरू झालेले हे मत्स्यालय इमारत धोकादायक ठरल्यामुळे २०२२ मध्ये बंद झाले. दुसरीकडे, समुद्री मत्स्यालयासाठी लागणारे तयार मिश्र मीठ आता विकत मिळते. त्यामुळे समुद्रापासून दूरच्या गावातही आपल्या शाळेत खाऱ्या पाण्याची टाकी असावी, असे एखाद्या विज्ञान शिक्षकाला वाटले तर नवल नाही.

विचार चांगला आहे. पण अशा टाक्यांचा शेवट पुष्कळदा ठरलेला असतो. काचेची टाकी येते, पाणी भरले जाते, मीठ विरघळते, वाळू आणि दगड मांडले जातात, पंप सुरू होतो. पाणी काचेसारखे नितळ दिसते आणि दुसऱ्याच दिवशी मासे आणले जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. आठ-दहा दिवसांत एकेक मासा तरंगताना दिसतो. मुले हिरमुसतात. दोष कधी दुकानदाराला दिला जातो, कधी मिठाला, तर कधी मुलांनी जास्त खाणे टाकले म्हणून मुलांना.

बहुतेक वेळा खरे कारण वेगळेच असते. टाकीत मासे आले, पण त्यांनी पाण्यात सोडलेले विष निकामी करणारे जीवाणू अजून आलेले नव्हते. हे जीवाणू विकत आणलेल्या सामानाबरोबर पुरेशा संख्येने येत नाहीत. ते टाकीत वाढावे लागतात आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून जाणकार मंडळी नवी टाकी तेवढे दिवस माशांशिवाय चालवतात. लोणचे घातल्याबरोबर खात नाहीत, ते मुरू देतात. तसेच हे आहे, म्हणून या लेखात आपण त्याला टाकी ‘मुरवणे’ म्हणू. या मुरण्याच्या काळात टाकीत नेमके काय घडते, ते वर्गात कसे मोजता येते आणि त्याचा आपल्या विहिरीच्या पाण्याशी काय संबंध आहे, हे पाहू.

नितळ पाण्यातले विष

अन्नातील प्रथिने पचली की शरीरात नत्रयुक्त टाकाऊ पदार्थ तयार होतात. त्यातला पहिला आणि साधा पदार्थ म्हणजे अमोनिया. तो विषारी असतो. आपण जमिनीवर राहणारे सस्तन प्राणी ऊर्जा खर्च करून त्याचा युरिया बनवतो आणि तो मूत्रावाटे बाहेर टाकतो. बहुतेक माशांना हा खर्च करावा लागत नाही. सभोवती पाणीच असल्यामुळे ते अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतात. नदीत किंवा समुद्रात तो लगेच विरून जातो. शंभर लिटरच्या टाकीत तो जाणार कोठे? शिवाय न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. त्याला रंग नसतो, आणि माशाला घातक ठरण्याइतका असूनही त्याचा वास आपल्याला येत नाही. त्यामुळे पाणी नितळ असणे आणि पाणी सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगावे.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक विद्युतभारित अमोनियम आयन, दुसरा भाररहित अमोनिया. भाररहित रूप कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सहज आत शिरते, म्हणून तेच जास्त घातक. या दोन रूपांचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, आणि तापमानावर ठरते. २५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का भाररहित असतो. सामू ८ झाला की हेच प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जाते. सामू एकाने वाढला आणि धोका जवळजवळ दहापट झाला. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ ते ८.३ असतो. क्षारांमुळे भाररहित अमोनियाचे प्रमाण थोडे कमी होते, पण क्रम तोच राहतो. पाणी जितके गरम, तितकाही हा धोका वाढतो. म्हणजे एकाच प्रमाणातला अमोनिया गोड्या पाण्याच्या टाकीत मासा कसाबसा सोसेल, पण खाऱ्या टाकीत, त्यातून विदर्भाच्या उन्हाळ्यात, तोच त्याचा जीव घेईल.

दोन पायऱ्यांचे काम

निसर्गात हा अमोनिया साचून राहत नाही, कारण काही सूक्ष्मजीवांचे तेच इंधन आहे. पहिल्या पायरीवर अमोनियाचे ऑक्सिडीकरण होऊन नायट्राइट बनते. दुसऱ्या पायरीवर दुसरे जीवाणू नायट्राइटपासून नायट्रेट बनवतात. नायट्राइटही माशांना घातक असते. ते रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप असे बदलते की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि रक्त तपकिरी दिसू लागते. समुद्राच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण खूप असते आणि कल्ल्यांतून आत शिरण्यासाठी नायट्राइटला त्याच्याशी स्पर्धा करावी लागते, त्यामुळे समुद्री माशांना नायट्राइटचा त्रास गोड्या पाण्यातील माशांपेक्षा बराच कमी होतो. नायट्रेट हे तिघांत सर्वांत सौम्य.

हे काम सजीव करतात, हे कळायला बराच काळ लागला. गोठ्यातील मुरलेल्या मातीतून सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, काढण्याचा धंदा भारतात जुना होता. तो बनवतो कोण हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते. १८७७ साली तेओफिल श्लोसिंग आणि अशिल म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि खडूची भुकटी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. त्यानंतर त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे काम थांबले, आणि नंतर ताज्या मातीचे पाणी घालताच काही दिवसांनी पुन्हा सुरू झाले. नुसती रासायनिक क्रिया असती तर वीस दिवस थांबली नसती आणि क्लोरोफॉर्मने बंदही पडली नसती. टाकी मुरवताना आपण जे करतो ते म्हणजे जवळजवळ हाच प्रयोग. पुढे १८९० च्या सुमारास सेर्गेई विनोग्राड्स्की यांनी हे जीवाणू वेगळे केले. नेहमीच्या जिलेटिनवर ते वाढेनात. त्यांना सेंद्रिय अन्न नकोच होते. अमोनियापासून मिळालेल्या ऊर्जेवर ते कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचे शरीर घडवत होते.

घाई का चालत नाही?

सहा आठवडे थांबायचे तरी कशासाठी, असे विद्यार्थी विचारतील. उत्तर फळ्यावर गणित करून देता येते. पोटातील ई. कोलाय हा जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे आठ तासांत चोवीस वेळा दुप्पट. एका जीवाणूपासून सुरुवात केली तर दोनाचा चोविसावा घात, म्हणजे १,६७,७७,२१६ जीवाणू. अमोनियावर जगणाऱ्या जीवाणूंना मिळणारी ऊर्जा तुटपुंजी असते आणि शरीर घडवण्याचा खर्च मोठा. त्यामुळे त्यांना दुप्पट व्हायला उत्तम परिस्थितीत आठ तासांच्या आसपास, आणि एरवी एक-दोन दिवसही लागतात. दिवसाला एकदा दुप्पट होतात असे धरले, तर वरची संख्या गाठायला आठ तासांऐवजी चोवीस दिवस लागतील. दुसऱ्या पायरीच्या जीवाणूंना तर पहिल्या पायरीने नायट्राइट बनवेपर्यंत इंधनच मिळत नाही. दोन्ही मिळून चार ते सहा आठवडे होतात ते असे.

दुसरे गणित प्राणवायूचे. अमोनियातील एक मिलिग्रॅम नत्राचे नायट्रेट होण्यासाठी सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. टाकीत आपण लिटरमागे दोन मिलिग्रॅम नत्र टाकले, तर लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. पण २५ अंशाच्या समुद्राच्या पाण्यात पूर्ण संपृक्त अवस्थेतही लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो. उरलेला हवेतून सतत विरघळत राहिला तरच काम पूर्ण होईल. हवेचा पंप रात्रंदिवस का चालू ठेवायचा, हे यावरून कळते. ज्या गावात भारनियमन आहे तेथे बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवावा.

हे जीवाणू पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा पृष्ठभागाला चिकटून राहतात. दगड, वाळू, गाळणीतला स्पंज यांच्यावर त्यांचा पातळ थर असतो. म्हणून छिद्रे असलेला दगड उपयोगी. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर आहे आणि त्यात जागोजाग सच्छिद्र बेसॉल्ट मिळतो. लाव्हा थंड होताना त्यातील वायूंनी पाडलेली ही छिद्रे जीवाणूंना आयती घरे होतात. दगड घासून, उकळत्या पाण्याने धुऊन वापरावा. त्यावर गंजाचे किंवा धातूचे अंश नसावेत.

याच कारणाने गाळणी नळाच्या पाण्याखाली चकचकीत धुणे ही मोठी चूक ठरते. तपासणी आहे किंवा पाहुणे येणार म्हणून स्पंज आणि दगड घासून काढले, तर महिनाभर वाढवलेले जीवाणू त्या दिवशी मोरीतून वाहून जातात. उरलेसुरले नळाच्या पाण्यातील क्लोरीनने मरतात. स्पंज धुवायचाच झाला तर टाकीतलेच पाणी बादलीत काढून त्यात हलकेच पिळावा.

वर्ध्यात समुद्र बनवताना

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले ८५ टक्के सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे खाण्याचे मीठ, असले तरी उरलेल्या भागातील मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट यांच्यावाचून समुद्री जीव जगत नाहीत. म्हणून स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. मत्स्यालयासाठीचे मिश्र मीठच हवे. शंभर लिटरला ते साधारण साडेतीन ते चार किलो लागते. पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास आली की पुरे. ती हायड्रोमीटरने मोजावी.

खरा प्रश्न मिठाचा नाही, ते ज्यात विरघळवायचे त्या पाण्याचा आहे. आपल्या विहिरी आणि बोअरचे पाणी जड असते, शिवाय त्यात आधीच नायट्रेट असू शकते. त्याबद्दल पुढे येईलच. ज्या पदार्थाची बेरीज आपण मोजणार, तोच पदार्थ सुरुवातीच्या पाण्यात असला तर मोजमापाचा घोळ होतो. नगरपरिषदेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. म्हणून आरओचे पाणी वापरावे, किंवा त्याहून सोपे म्हणजे पावसाचे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिले दोन-तीन पाऊस छत धुऊन जाऊ द्यावेत आणि नंतरचे पाणी स्वच्छ पिंपात धरावे. टाकी मुरवायला सुरुवात करण्यासाठी जुलै महिना आम्हाला सर्वांत सोयीचा वाटतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा टाकी थंड राखणे कठीण, आणि डिसेंबरच्या थंड रात्री जीवाणूंची वाढ मंदावते. २५ ते २८ अंशांत काम चांगले चालते.

टाकीतून वाफ होऊन जाते ते फक्त पाणी. मीठ मागे राहते. शंभर लिटरमधले दहा लिटर उडाले तर क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९ होते. म्हणून रोजची घट गोड्या पाण्याने भरून काढायची, खाऱ्या पाण्याने नव्हे. काचेवर पहिल्या दिवशीच्या पातळीची रेघ मारून ठेवली की हे काम इयत्ता पाचवीचा विद्यार्थीही करू शकतो.

एक सूचना आवर्जून. समुद्री टाकीच्या चित्रांत रंगीत प्रवाळ दिसतात. परदेशांत जिवंत प्रवाळ आणि प्रवाळ खडकाचे तुकडे टाकीसाठी विकले जातात. आपल्याकडे खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते गोळा करणे, विकणे किंवा विकत घेणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर खोल समुद्रात ‘आंग्रिया बँक’ हा बुडालेला प्रवाळमय उंचवटा आहे. कान्होजी आंग्रे यांचे नाव त्याला दिलेले आहे. प्रवाळ तेथेच राहू द्यावेत. आपल्या टाकीत वर्ध्याचा काळा दगड शोभून दिसतो आणि जीवाणूंना तो तितकाच चालतो.

सहा आठवडे काय पाहायचे?

मासे नाहीत, तर जीवाणूंना अमोनिया कोठून मिळणार? पूर्वी काही लोक यासाठी काटक समजले जाणारे दोन-चार मासे आधी सोडत आणि ते मेले तर मरू देत. त्याची काहीही गरज नाही. अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाले वापरतात तो नवसागर, हे काम करतो. बाजारातल्या नवसागरात भेसळ असू शकते, म्हणून रसायन प्रयोगशाळेतील शुद्ध अमोनियम क्लोराइड घ्यावे. शंभर लिटर पाण्यात लिटरमागे दोन मिलिग्रॅम नत्र येण्यासाठी ते सुमारे पाऊण ग्रॅम लागते. यापेक्षा फार जास्त टाकू नये. अमोनिया अति झाला तर तो या जीवाणूंचीच वाढ रोखतो.

अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजण्यासाठी थेंब टाकून रंग पाहण्याचे संच मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात. खाऱ्या पाण्यासाठी चालणारा संच मागून घ्यावा. प्रयोगशाळेतील नेसलर अभिकर्मकात पारा असतो, म्हणून तो विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. दर तिसऱ्या दिवशी तिन्ही मोजमापे घेऊन आलेख काढावा.

पहिल्या आठवड्यात अमोनियाची रेघ जवळजवळ आडवी राहते. पाणी थोडे धुरकट होऊ शकते. ते सेंद्रिय कचऱ्यावर झटपट वाढणारे दुसरे जीवाणू असतात, आपण ज्यांची वाट पाहतो ते नव्हेत. साधारण दुसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढू लागते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अमोनिया शून्याजवळ येतो आणि नायट्राइट शिखरावर असते. याच सुमारास वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर धरतो. ही घाण नव्हे. हे डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल आहे आणि बहुधा काही दिवसांत ते आपोआप ओसरते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची नक्षीदार कवचे मुलांना जरूर दाखवावीत. अमोनिया संपला की पुन्हा तेवढाच डोस द्यायचा, नाहीतर वाढलेले जीवाणू उपाशी राहतात. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात नायट्राइटही उतरते आणि नायट्रेट चढत राहते. येथे दिलेले आठवडे अदमासाचे आहेत. तापमान, दगड आणि सुरुवातीची जीवाणूंची संख्या यांप्रमाणे ते मागेपुढे होतात. तीन रेघांचा क्रम मात्र बदलत नाही.

कोणा ओळखीच्याकडे वर्ष-दोन वर्षे नीट चालणारी, रोगमुक्त, खाऱ्या पाण्याची टाकी असेल, तर तिच्यातील मूठभर वाळू किंवा स्पंजाचा तुकडा आणावा. दुधाला विरजण लावावे तसे हे विरजण लागते आणि दिवस बरेच कमी होतात.

टाकी मुरली की नाही, याची परीक्षा एकच. लिटरमागे दोन मिलिग्रॅम नत्राचा पूर्ण डोस द्यावा आणि चोवीस तासांनी मोजावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर टाकी तयार झाली. एकच शून्य असेल तर आणखी थांबावे. त्यानंतर एक लहान मासा आणावा, एकदम सहा नव्हे. जीवाणूंची संख्या जेवढे इंधन मिळते तेवढीच टिकते. मासे आणि खाणे वाढवले, की त्यांनाही वाढायला वेळ द्यावा लागतो.

पाठ्यपुस्तकापलीकडे

आपण शिकवताना अमोनियाचे नायट्राइट करणारा नायट्रोसोमोनास आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारा नायट्रोबॅक्टर ही दोन नावे सांगतो. ती चुकीची नाहीत, पण गोष्ट आता पुढे गेली आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मत्स्यालयांतील जीवाणूंची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा दुसऱ्या पायरीवर नायट्रोबॅक्टरऐवजी मुख्यतः नायट्रोस्पायरा आढळला. २००५ साली अमेरिकेतील सिॲटल मत्स्यालयाच्या एका उष्ण कटिबंधीय खाऱ्या टाकीतील वाळूतून एक नवा सूक्ष्मजीव वेगळा करण्यात आला. तो जीवाणू नव्हताच. तो आर्किया या वेगळ्या गटातला होता. त्याचे नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. अतिशय विरळ अमोनियावरही तो जगतो, आणि त्याचे नातेवाईक साऱ्या महासागरात प्रचंड संख्येने आहेत हे आता कळले आहे. समुद्रातील नत्रचक्राचा एवढा मोठा वाटेकरी माणसाच्या हाती प्रथम लागला तो माशांच्या टाकीत. २०१५ साली दोन्ही पायऱ्या एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा दोन संशोधक गटांनी जाहीर केले. त्यांतील एका गटाला ते मत्स्यपालनाच्या पाणी गाळणाऱ्या यंत्रणेत सापडले होते. शाळेची टाकी म्हणजे खेळणे नव्हे, हे विद्यार्थ्यांना पटवायला ही उदाहरणे उपयोगी पडतील.

उरते ते नायट्रेट

टाकी मुरली म्हणजे नत्र नाहीसा झाला असे नाही. त्याचे रूप बदलले. दोन मिलिग्रॅम नत्राचा प्रत्येक डोस शेवटी लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम नायट्रेट बनतो. मुरवताना असे पाच डोस दिले तर नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या जवळ जाते. प्रवाळ खडकांभोवतीच्या समुद्रात ते एक मिलिग्रॅमपेक्षाही खूप कमी असते. दगडाच्या आत खोलवर, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथे काही जीवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायूरूपाने हवेत परत जातो. पण लहान टाकीत हे काम पुरे पडत नाही. पाणी बदलावेच लागते. निम्मे बदलले की ४५ चे साडेबावीस, पुन्हा निम्मे बदलले की अकरा. काढलेले खारे पाणी शेतात, बागेत किंवा विहिरीजवळ ओतू नये. आपल्या काळ्या जमिनीला मीठ सोसत नाही. ते पसरट टबात ऑक्टोबरच्या उन्हात वाळवावे आणि मागे उरलेले क्षार मुलांना दाखवावेत.

४५ हा आकडा शिक्षकांना ओळखीचा वाटला असेल. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने घालून दिलेली नायट्रेटची मर्यादा हीच आहे : लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात, ही मर्यादा ओलांडणारे नमुने मोठ्या प्रमाणात सापडलेल्या देशातील जिल्ह्यांमध्ये वर्ध्याचे नाव आहे. सोबत अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, जळगाव, बीड आणि नांदेड हे जिल्हेही आहेत.

हे नायट्रेट विहिरीत येते कसे? टाकीत जे घडले तेच शेतात आणि गावात घडते. कपाशीला दिलेल्या युरियापासून मातीतील जीवाणू अमोनिया करतात आणि त्या अमोनियापासून नायट्रेट. गोठ्याजवळचे शेणमूत्र, झिरपणारे शोषखड्डे, उघडी गटारे यांतील नत्राचेही तेच होते. अमोनियम आयन धनभारित असल्याने चिकणमातीच्या कणांना चिकटून राहतो. नायट्रेट ऋणभारित असल्याने धरले जात नाही, आणि पिकाने उचलले नाही तर पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरते. टाकीचे पाणी आपण बदलू शकतो, विहिरीखालचे भूजल नाही. तेथे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे मुळात कमी नत्र वाहून जाईल असे पाहणे : युरिया एकदम न देता हप्त्याहप्त्याने देणे, उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीपासून दूर ठेवणे.

माणसाला याचा धोका विशेषतः तान्ह्या बाळांना असतो. त्यांच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि माशाच्या रक्तात घडतो तोच बदल बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये घडतो. त्वचा निळसर दिसू लागते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. पावडर किंवा वरच्या दुधात मिसळण्याचे पाणी उकळले की निर्धोक झाले, असे समजणाऱ्या घरांपर्यंत ही गोष्ट विद्यार्थ्यांमार्फत जायला हवी.

करून पहा

खाऱ्या टाकीचा खर्च सर्वच शाळांना परवडणार नाही. मूळ प्रयोगाला मात्र काच, मीठ आणि मासे यांतले काहीच लागत नाही. प्लास्टिकच्या दोन बादल्यांत प्रत्येकी दहा लिटर पावसाचे पाणी घ्या. दोन्हींत चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, कारण हे काम होताना आम्ल तयार होते आणि पावसाच्या पाण्यात ते सोसण्याची ताकद नसते. एका बादलीत नदीतले किंवा चालू टाकीतले मूठभर खडे घाला. दुसरीत तसेच खडे, पण अर्धा तास उकळून थंड केलेले. दोन्हींत ७५ ते ८० मिलिग्रॅम अमोनियम क्लोराइड टाका, हवेचा पंप लावा आणि बादल्या सावलीत झाकून ठेवा. दर तीन दिवसांनी अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजून दोन्ही बादल्यांचे आलेख एकाच कागदावर काढा. कोणत्या बादलीत बदल आधी सुरू होतो? दुसरीत तो कधीच होत नाही, की उशिरा होतो? उशिरा झाला तर जीवाणू आले कोठून?

संचातले थेंब उरले असतील, तर विद्यार्थ्यांना आपापल्या घरच्या विहिरीचे, हातपंपाचे आणि नळाचे पाणी बाटलीत आणायला सांगा. गोड्या पाण्यासाठी दिलेला रंगतक्ता वापरा. गावाचा नकाशा फळ्यावर काढून प्रत्येक ठिकाणी नायट्रेटचा आकडा लिहा आणि जवळ गोठा, उकिरडा, शोषखड्डा की शेत आहे तेही नोंदवा. रंगाच्या संचाचे उत्तर अदमासाचे असते, म्हणून ४५ च्या वर दिसलेल्या प्रत्येक नमुन्याची शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेत फेरतपासणी करून घ्यावी आणि तो अहवाल ग्रामपंचायतीला द्यावा.